ढोल मोजायचे की वेळ?

२०२४ च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या पीठाने गणेशोत्सवातल्या पथकांवर मर्यादा घातली: ढोल, ताशा, झांज सगळं मिळून एका पथकात जास्तीत जास्त ३० जण. १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि विसर्जन मिरवणूक नेहमीसारखी निघाली. मधल्या दोन आठवड्यांत पुण्यात जो वाद झाला, तसाच वाद दर भाद्रपदात होतो. एका बाजूला परंपरा, अस्मिता आणि ‘फक्त आमच्याच सणावर का?’. दुसऱ्या बाजूला धांगडधिंगा, झुंडशाही आणि ‘शिकलेल्या पोरांना एवढं कळत नाही का?’. सगळे तावातावाने बोलतात, पण आवाज किती, किती वेळ आणि कुणाच्या कानावर, हे फारसं कुणी विचारत नाही. या वादात ज्यांचं सगळ्यात जास्त पणाला लागलं आहे, ती पथकांतली मुलंमुली मोठ्या संख्येने कॉलेजात शिकणारी आहेत, माझ्या वयाची आहेत. म्हणून हा वाद नीट व्हावा असं मला मनापासून वाटतं.

माझं म्हणणं असं. वादकांची डोकी मोजणं ही चुकीची फूटपट्टी आहे. मोजायची ती वेळ आणि अंतर. पण लवादाचा उपाय चुकीचा म्हणजे लवादापुढचा प्रश्नच खोटा, असा सोयीचा अर्थ काढता येणार नाही. बाहेरच्यांनी आमच्या उत्सवात लुडबुड करू नये असं म्हणणाऱ्यांनी स्वतःला लेखी बांधून घेतलं पाहिजे. ते न करता नुसती स्थगिती साजरी करणं म्हणजे उत्तर देणं टाळणं आहे.

आधी डोक्यांचा हिशेब पाहू. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. एका ढोलाशेजारी तेवढ्याच जोराने वाजणारा दुसरा ढोल आला की आवाज ३ डेसिबलने वाढतो. ३० ढोलांचे ६० केले तरी वाढ ३ चीच, १२० केले तर ६ ची आणि ३०० केले तर १० ची. कानाला १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते. म्हणजे ३०० वादकांतल्या २७० जणांना घरी पाठवलं तर समोरच्या गॅलरीतल्या आजींना आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटेल. निम्मा ही काही लहान गोष्ट नव्हे, हे मान्य. पण पथकाला ३० ची मर्यादा घातली आणि मंडळाने एकाऐवजी तीन पथकं लावली तर? तीच पथकं चौकात दोन-दोन तास उभी राहिली तर? आणि खुद्द वादकाचं काय? त्याच्या कानावर सगळ्यात जास्त आदळतो तो त्याच्या कमरेला बांधलेला ढोल आणि हाताच्या अंतरावरचे दोन-चार शेजारी. पन्नास फुटांवरची शेवटची रांग असली काय नि नसली काय, त्याच्या कानाला फार फरक पडत नाही. म्हणजे ज्या उपायावर एवढं रान उठलं, त्याने सगळ्यात जास्त धोक्यात असलेला माणूस जवळपास तिथेच राहतो.

लवादाच्या बाजूने एक मुद्दा मात्र भक्कम आहे. डोकी कुणालाही मोजता येतात, डेसिबल येत नाहीत. बंदोबस्तावरच्या पोलिसाला गर्दीत मीटर धरून, वारा आणि शेजारचा आवाज वगळून, न्यायालयात टिकेल अशी नोंद करायला सांगणं म्हणजे अंमलबजावणी होणार नाही याची हमी देणं. नियम असा हवा की तो मोडला हे रस्त्यावरच्या सामान्य माणसालाही दिसावं. हा मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि म्हणूनच मी वेळेकडे येते. घड्याळ प्रत्येकाच्या हातात आहे. कागदावर निम्मे ढोल आणि निम्मा वेळ यांचा परिणाम जवळपास सारखाच: कानात जाणारी ऊर्जा निम्मी होते. फरक असा की वेळ कापली तर कुणाच्याही कमरेचा ढोल काढून घ्यावा लागत नाही, आणि मधल्या शांततेत कानाला सावरायला जागा मिळते.

कानाचं नुकसान हे आवाज आणि वेळ या दोन्हींवर ठरतं. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा कामगारांसाठीचा हिशेब जगभर वापरला जातो: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतील, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. आता सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेकडे वळू. तिथले विद्यार्थी अनेक वर्षं विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांमध्ये आवाज मोजत आले आहेत, आणि बहुतेक वर्षी त्यांची सरासरी ९० च्या वर निघाली आहे. काही वर्षी तर १०० च्याही वर. ही चौकातली सरासरी आहे. पथकाच्या आत, ताशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीच्या कानाशी आकडा याहून वरच असणार. ती बेलबाग चौकापासून अलका टॉकीज चौकापर्यंत चार-पाच तास वाजवते. १५ मिनिटांच्या जागी चार-पाच तास! शिवाय त्याआधी नदीपात्रात महिना-दीड महिना रोजचा सराव झालेला असतो. ‘वर्षातून दहाच दिवस तर आहेत’ हे वाक्य रहिवाशाच्या बाबतीत एक वेळ खरं धरू. वादकाच्या बाबतीत ते खरं नाही.

यात ताशाकडे विशेष लक्ष द्यायला हवं. ढोलाचा घुमारा छातीत जाणवतो म्हणून आपण त्यालाच दोष देतो. पण माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि ताशाची कडकड त्या पट्ट्यात भरपूर असते. आवाजाने बहिरेपणा येतो तेव्हा श्रवणचाचणीच्या आलेखात पहिला खड्डा याच पट्ट्यात, ४,००० हर्ट्झच्या आसपास पडतो. तो खड्डा लगेच कळत नाही. बोलणं ऐकू येतं, पण गर्दीत शब्द धरता येत नाहीत, ‘स’ आणि ‘श’ निसटतात, रात्री कानात बारीक शिट्टी वाजत राहते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा येत नाहीत. त्यात वाद्यांवरच्या चामड्याच्या पानांची, म्हणजे पडद्यांची, जागा प्लॅस्टिकच्या पानांनी घेतली. पावसाने चामडं ढिलं पडायचं, ते पुन्हा तापवावं लागायचं; प्लॅस्टिक ओल्या हवेतही ताणलेलंच राहतं आणि जास्त करकरीत वाजतं. वाद्य सोयीचं झालं, पण त्याला आपोआप मिळणारी विश्रांती गेली.

प्रत्यक्षात बिघडतं ते चौकात. दोन पथकं समोरासमोर किंवा पाठोपाठ आली की स्वतःचा ठेका ऐकू येईनासा होतो. मग ताशा चढतो, ताशा चढला की ढोलावरचं टिपरू जोरात पडतं, मग पलीकडचं पथकही तेच करतं. यात कुणाचाही वाईट हेतू नसतो. गोंगाटात माणूस आपसूक मोठ्याने बोलतो, त्याचंच हे वाद्यातलं रूप आहे. लक्ष्मी रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना इमारती. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की एका जागेवरून येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो; इथे भिंती तो परत फेकतात, म्हणून तेवढा उतरत नाही. तरीही दोन पथकांमध्ये नीट अंतर राखलं तर दोघांनाही आपला ठेका ऐकू येतो आणि ही चढाओढ सुरूच होत नाही. वादकांची संख्या घटवून जे साधणार नाही, ते अंतराने साधतं.

आता ‘ढोल चांगला, डीजे वाईट’ या आवडत्या विभागणीबद्दल. पेठांमधल्या सुशिक्षित घरांत हे वाक्य निःशंक मनाने बोललं जातं. डीजेच्या भिंतींचा त्रास भयंकर असतो यात मला काडीची शंका नाही, आणि त्याचं एक तांत्रिक कारण या वादात येतच नाही. कायद्यातलं मोजमाप ‘डेसिबल ए’ या पट्टीवर होतं. ती पट्टी खालच्या पट्टीचे सूर मुद्दाम कमी धरते: ६३ हर्ट्झला २६ डेसिबलने, १०० हर्ट्झला १९ ने. म्हणजे खिडक्यांची तावदानं थरथरवणारा ६३ हर्ट्झचा ११० डेसिबलचा बेस मीटरवर ८४ दिसतो. घर हलतंय आणि आकडा बरा दिसतोय, असा हा प्रकार. बेससाठी, खालचे सूर फारसे न कापणाऱ्या ‘सी’ पट्टीवरही नोंद घ्यायला हवी. पण या विभागणीत दुसरंही काही मिसळलेलं आहे. ढोलपथकात ओळखीतली, भगवे फेटे बांधलेली, इंजिनिअरिंगची मुलं दिसतात; डीजेपुढे वस्तीतली. एकाचा ९५ डेसिबल संस्कृती आणि दुसऱ्याचा ९५ डेसिबल बीभत्सपणा? नाचण्याच्या, गाण्याच्या आवडीनिवडीवर जरूर टीका करावी, पण ती आरोग्याच्या नावाखाली करू नये. वस्तीतल्या मुलांना हा दुजाभाव लगेच कळतो, आणि मग आवाजाबद्दलचा खरा मुद्दाही ती ऐकून घेत नाहीत.

परंपरेचा दावाही तपासून पाहावा लागेल. सार्वजनिक गणेशोत्सवाने १८९० च्या दशकात आकार घेतला तेव्हा त्याचा कणा होता मेळे, पदं आणि व्याख्यानं. मेळे पुढे सरकारी बडग्याने आणि काळाच्या ओघात मागे पडले, बँड आले, लेझीम आलं. गणवेशातली, शिस्तीत रांगा धरणारी, विद्यार्थ्यांची ढोलपथकं पुण्यात रुजली ती गेल्या शतकाच्या उत्तरार्धात, ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांच्या प्रयत्नांतून. मुली ढोल बांधून रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यालाही नाकं मुरडली गेली, आणि आज मुलींशिवाय पथकाची कल्पनाही करवत नाही. निर्माल्य नदीत टाकायचं नाही, मूर्ती घाटावरच्या हौदात विसर्जित करायची, यालाही सुरुवातीला ‘धर्मात ढवळाढवळ’ म्हणणारे होते. उत्सवाने हे सगळं पचवलं. जो उत्सव एवढा बदलला तो इअरप्लगने आणि तासाभराच्या विश्रांतीने भ्रष्ट होईल का?

विरोधी बाजूचे दोन मुद्दे मात्र झटकून टाकता येणार नाहीत. पहिला, मीटर फक्त गणपतीत बाहेर निघतो. लग्नाच्या वराती, राजकीय मिरवणुका, जयंत्या, प्रार्थनास्थळांवरचे भोंगे, सिग्नलला वाजणारे हॉर्न, हे वर्षभर चालू असतं आणि त्याबद्दल ओरडणारे आवाज क्षीण असतात. खरं आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत धर्म किंवा सण पाहून वेगळी मर्यादा नाही: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. अंमलबजावणी एकांगी होत असेल तर ती सगळीकडे करा, ही मागणी न्याय्य आहे. पण ‘त्यांना सूट, म्हणून आम्हालाही सूट’ यातून शेवटी रुग्णालयात पडलेल्या माणसाला सगळ्यांकडूनच त्रास होतो. आणि सुटीबद्दल सर्रास एक गैरसमज पसरवला जातो. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार जी सवलत देऊ शकतं ती रात्री १० ची वेळ १२ पर्यंत वाढवण्याची. त्या दिवसांत डेसिबलची मर्यादा उठते असं नियमात कुठेही नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीची बंदी लाउडस्पीकरइतकीच वाद्यांनाही लागू आहे, हेही पथकांच्या बैठकांत सांगितलं गेलं पाहिजे.

दुसरा मुद्दा मला जास्त जवळचा आहे. पथक ही आजच्या शहरातली दुर्मीळ जागा आहे, जिथे वेगवेगळ्या घरांतली, जातींची, शाखांची मुलंमुली रोज संध्याकाळी फोन बाजूला ठेवून एकत्र घाम गाळतात. वेळेवर येणं, वरिष्ठांचं ऐकणं, नवख्याला सांभाळून घेणं तिथे शिकता येतं. मिळालेल्या मानधनातून अनेक पथकं शाळांना, पूरग्रस्तांना मदत करतात. ‘रिकामटेकडी पोरं’ म्हणणाऱ्यांनी एकदा सरावाला जाऊन पाहावं. पण पथक एवढं मोलाचं असेल तर त्यात येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीचे कान तिशीत शाबूत राहतील याची काळजी सगळ्यात आधी पथकानेच घ्यायला नको का? खेळाच्या मैदानावर हेल्मेट घालण्याने कुणाची मर्दुमकी कमी होत नाही.

उरतो तो ‘न्यायालयाने सांगू नये, समाज स्वतः करील’ हा युक्तिवाद. पुण्याला तो नवा नाही. संमतिवयाच्या, म्हणजे पत्नीशी शरीरसंबंधासाठीच्या किमान वयाच्या, वादात टिळकांनी हीच भूमिका घेतली होती. परक्या सरकारने कायदा करून आमच्या घरात शिरू नये, असं ते म्हणत. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १८९० मध्ये त्यांनी पुढे केलं ते असं की सुधारणा हवी असलेल्यांनी आधी स्वतःला लेखी बांधून घ्यावं: मुलीचं लग्न सोळाच्या आत नाही, मुलाचं विसाच्या आत नाही, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करायचंच झालं तर विधवेशी. सरकारी कायदा मार्च १८९१ मध्ये आला तो संमतिवय दहावरून फक्त बारावर नेणारा. म्हणजे स्वतःहून घ्यायचं बंधन कायद्यापेक्षा कितीतरी कडक होतं. हस्तक्षेप नको म्हणण्याचा नैतिक अधिकार अशा बंधनातून येतो. आणि याच इतिहासात त्या भूमिकेचं अपयशही आहे. समाज स्वतः करील म्हणता म्हणता १९२९ उजाडलं, बालविवाह रोखणारा शारदा कायदा आला, तेव्हाही मुलींच्या लग्नाचं वय चौदावरच आलं. सोळाची शपथ कागदावर राहिली, कारण तिला मुदत नव्हती, हिशेब मागणारं कुणी नव्हतं. मधल्या काळात किती मुलींनी त्याची किंमत मोजली?

म्हणून पथकांनी आणि मंडळांनी घ्यायच्या शपथेला मुदत हवी आणि तपासता येतील असे आकडे हवेत. मंडळांना असलं बंधन पाळता येत नाही असं कुणी म्हणू नये. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हा मानाच्या गणपतींचा क्रम सरकारी कायद्याने ठरवलेला नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या तो पाळला जातो. २०२० मध्ये मिरवणूक न काढता मांडवातच विसर्जन झालं. ठरवलं की होतं.

काय ठरवावं? वादकाने २० मिनिटं वाजवलं की तेवढाच वेळ रांगेबाहेर, ध्वजाकडे किंवा पाणी वाटायला. म्हणजे राखीव फळी हवी, आणि ती मोठ्या पथकांकडे असतेच. उलट ३० च्या मर्यादेने ही अदलाबदल अशक्य होईल, हे लवादापुढे ठामपणे मांडायला हवं. चौकात थांबून वादन १० मिनिटांपेक्षा जास्त नाही. दोन पथकांमध्ये किमान ५० मीटर, आणि पुढचं पथक थांबलं तर मागच्याने वादन थांबवून उभं राहायचं. रुग्णालयापुढे फक्त झांज नाही की हळू ढोल नाही, पूर्ण शांतता. सराव रात्री ९ ला बंद, आणि नदीपात्रात पथकांनी एकमेकांपासून दूर जागा वाटून घ्यायच्या. इअरप्लग सक्तीचे, पण नीट निवडलेले. स्वस्त फोमचे प्लग वरचे सूर जास्त अडवतात, त्यामुळे ताशा विरतो आणि ढोल घुमत राहतो; ‘ठेका ऐकू येत नाही’ म्हणून वादक ते काढून टाकतात ती तक्रार खरी असते. वादकांसाठीचे फिल्टरचे प्लग सगळे सूर साधारण सारखेच, १५ ते २० डेसिबलने उतरवतात. १०० चे ८५ झाले की पंधरा मिनिटांचे आठ तास होतात. फोमचेच वापरायचे असतील तर बोटांनी बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारून फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. अर्धा बाहेर राहिलेला प्लग फारसा कामाचा नसतो. पथकात नाव नोंदवताना एकदा आणि मग दरवर्षी श्रवणचाचणी. आणि मोजमाप मोबाइलच्या अ‍ॅपवर नको. मोठ्या आवाजाला फोनचा माइक आकडा कापून दाखवतो. वर्तमानपत्रांनीही क्षणभराचा सर्वोच्च आकडा आणि कायद्यातली सरासरी यांची सरमिसळ थांबवावी. दोन्ही बाजूंना सोयीचा आकडा उचलायला त्यातूनच मोकळीक मिळते.

दोन उत्सवांची मुदत पुरे. तोवर हे झालं नाही तर न्यायालयाने नियम घालावेत, आणि तेव्हा अस्मितेची ढाल पुढे करू नये.

डीजेच्या बाबतीत मात्र मी शपथेवर विसंबणार नाही. पथकातला वादक स्वतःचे कान पणाला लावून वाजवतो, त्याच्याशी बोलता येतं. भाड्याने आलेल्या स्पीकरच्या भिंतीमागे धंदा आहे. तिथे परवाना देतानाच अँप्लिफायरला मर्यादक, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर रोखणारं यंत्र, बसवून सील करणं, गाडीवरच्या बॉक्सची संख्या लिहून घेणं आणि सील तुटलं तर ती यंत्रणा उत्सवभर ताब्यात ठेवणं, हे पोलिसांना मिरवणुकीआधी, दिवसाउजेडी, मांडवाजवळ करता येतं.